युद्धात वाढणारी पोरं, त्यांची पुस्तकं आणि शब्दांची ताकद

शाईचेठसे:

युद्धाच्या धामधुमीत मोठ्या होणाऱ्या मुलांवरच्या कादंबऱ्यांचा विषय निघाला की एक वाक्य हमखास ऐकू येतं, 'पुस्तकांनी तिला तारलं'. वाक्य खोटं नाहीये, पण अर्धंच आहे असं मला वाटत आलंय आणि म्हणूनच हा धागा काढतोय. ह्यातल्या चांगल्या कादंबऱ्या नीट वाचल्या तर शब्द आधी घात करतात आणि मग कुठे तारतात. आणि ते मूल मोठं होतं ते नेमकं ह्या दोन्ही गोष्टी शब्दच करतात हे त्याला कळतं तेव्हा.

'द बुक थीफ' घ्या (मार्कुस झुसाक, २००५). पुढे स्पॉयलर आहेत, ज्यांनी वाचली नसेल त्यांनी जपून. १९३९ चा जानेवारी, लिझेल नऊ-दहा वर्षांची, धाकटा भाऊ ट्रेनमध्येच गेला, त्याला पुरताना कबर खणणाऱ्या पोराकडून पडलेलं पुस्तक ती उचलते. तिला वाचता येत नाही आणि पुस्तक कसलं तर कबरी कशा खणाव्यात त्याचं. मग हान्स, तिला सांभाळणारा बाप, ती रात्री दचकून उठली की शेजारी बसून त्याच पुस्तकावरून अक्षरं शिकवतो, आधी सँडपेपरच्या पाठच्या बाजूला, नंतर तळघराच्या भिंतीवर रंगाने. हा भाग सगळ्यांच्याच लक्षात राहतो.

पण माझ्या मते कादंबरीचा खरा सांधा त्याच्या पुढे आहे. २० एप्रिल १९४०, हिटलरचा वाढदिवस, गावात पुस्तकांची होळी, आणि भाषणात 'कम्युनिस्ट' हा शब्द येतो. आपल्या खऱ्या बापाबद्दल ह्या पोरीला जवळपास एवढा एकच शब्द माहिती, तोही लोकांच्या कुजबुजीतून कानावर पडलेला. तिथे गर्दीत उभ्या उभ्या तिला उमगतं की बाप गेला, आई दुरावली, भाऊ मेला ते ह्या शब्दापायी. नंतर चर्चच्या पायऱ्यांवर ती हान्सला सांगते की मला हिटलरचा तिरस्कार वाटतो, आणि तो मायाळू माणूस तिच्या थोबाडीत मारतो. घरात म्हण, पण रस्त्यावर, शाळेत, कधीच नाही, असं बजावतो. अक्षरं गिरवून घेणाराच तोंड बंद ठेवायला शिकवतो, आणि दोन्ही तिच्यावरच्या मायेपोटीच. मला हे पान 'पुस्तकांनी तारलं' ह्या वाक्यापेक्षा कितीतरी मोठं वाटतं.

तुम्हाला कुठल्या कादंबऱ्यांमध्ये शब्दांचं हे दुहेरी वागणं दिसलं? युद्ध कुठलंही चालेल, आठवणी आणि डायऱ्याही चालतील.

आभाळवेडी:

काय सुंदर विषय काढलात! बुक थीफ माझं अत्यंत लाडकं पुस्तक. मॅक्सचा भाग राहिला की पण. तो ज्यू पोरगा लपत छपत ट्रेनने येतो तेव्हा हातात काय धरून बसतो तर हिटलरचंच 'माईन काम्फ', म्हणजे कोणाला संशय यायला नको, आणि घराची किल्लीही त्याच पुस्तकात लपवलेली. त्या पुस्तकाने आपला जीव वाचवला असं तो लिझेलला सांगतो. आणि मग तळघरात त्याच पुस्तकाची पानं फाडून पांढऱ्या रंगाने रंगवतो, वाळत घालतो आणि त्यावर लिझेलसाठी गोष्ट लिहितो, चित्रं काढतो. रंगाच्या खालून जुनी छापील अक्षरं अंधुक दिसतच असतात. मी दर वेळी त्या पानावर थांबते. खालचे शब्द पुसले जात नाहीत, त्यांच्या छाताडावर बसून नवीन लिहायचं.

पानगळ:

धागा चांगला आहे, पण मी जरा वेगळं बोलणार आहे, रागावू नका.

आपण वाचणारी माणसं आहोत, त्यामुळे वाचनाची थोरवी सांगणारी गोष्ट आपल्याला फार लवकर पटते, त्यात आपलंच कौतुक असतं ना. वाचणारा चांगला, जाळणारा अडाणी, अशी सरळ वाटणी ह्या कादंबऱ्यांमध्ये बऱ्याचदा असते आणि ती माझ्या घशाखाली उतरत नाही. गोबेल्स अडाणी नव्हता. त्याने हायडेलबर्गला साहित्यात डॉक्टरेट केली होती, १९२१ मध्ये. आणि त्याने स्वतः एक कादंबरी लिहिली होती, 'मिखाएल', १९२९ ला छापून आली. पहिल्या महायुद्धातून परत आलेल्या तरुणाची डायरी, त्याची घालमेल, त्याला सापडलेला मार्ग. म्हणजे आपण ज्या प्रकाराबद्दल बोलतोय, युद्ध आणि वयात येणं, त्याच प्रकारातलं पुस्तक. चार वर्षांनी, १० मे १९३३ ला, बर्लिनच्या ऑपेर्नप्लाट्झवर पुस्तकं जळत असताना भाषण द्यायला हाच माणूस उभा होता. आणि आग लावायला पुढे होते ते विद्यार्थी, तेही एकट्या बर्लिनला नाही, बऱ्याच विद्यापीठांच्या गावांत. वाचलेली, शिकलेली पोरं होती ती.

तेव्हा पुस्तक हातात आहे म्हणून मूल वाचेल, माणूस म्हणून वाचेल म्हणतोय मी, ह्याची कसलीच खात्री नाही.

कंदील:

पानगळ, अनुमोदन, आणि त्याच १९२९ मध्ये पुस्तकरूपात आलेली दुसरी कादंबरी म्हणजे रेमार्कची 'ऑल क्वाएट ऑन द वेस्टर्न फ्रंट'. तिच्यावरचा सिनेमा डिसेंबर १९३० मध्ये बर्लिनला लागला तेव्हा गोबेल्सच्या माणसांनी थिएटरात उंदीर सोडले, दुर्गंधीचे बॉम्ब फोडले आणि थोड्याच दिवसांत सिनेमावर बंदी आली. पुस्तक अर्थातच ३३ च्या होळीत गेलं. कशाची एवढी धास्ती होती हे कादंबरी वाचली की कळतं.

सुरुवातच बघा, पहिल्या महायुद्धातली जर्मनी. कांटोरेक नावाचा मास्तर वर्गात इतकी भाषणं देतो, इतकी भाषणं देतो की अख्खा वर्ग त्याच्या मागून भरती व्हायला जातो. एक बेम नावाचा जाडसर मुलगा तेवढा कां कू करतो, पण शेवटी तोही जातो, नाहीतर वाळीतच टाकला असता, आणि पहिल्या मरणाऱ्यांत तोच. ह्या मास्तराने कोणावर बंदूक रोखली नाही, फक्त बोलला. आणि पुढे हाच मास्तर ह्या पोरांना पत्रात 'पोलादी तरुणाई' म्हणतो तेव्हा ती वीस वर्षांची पोरं चिडून विचारतात की आम्ही आणि तरुण? ते केव्हाच संपलं.

अजून एक, म्युलर. तो खंदकात शाळेची पुस्तकं घेऊन फिरतो, परीक्षेची स्वप्नं बघतो आणि तोफा धडधडत असताना भौतिकशास्त्राचे नियम पुटपुटत बसतो. लोकांना ते विनोदी वाटतं, मला मुळीच नाही वाटत. त्या पोराला ज्या जगात परत जायचंय त्या जगाचा तेवढाच तुकडा त्याच्याकडे उरलाय.

जुना_वाचक:

कंदील, तुम्ही रेमार्क काढलात तर मग त्याचा नायक पाउल आघाडीवरून सुट्टीवर घरी येतो तो प्रसंग घेतलाच पाहिजे, कारण शाईचेठसे ह्यांच्या मुद्द्याला सगळ्यात मोठं आव्हान तिथे आहे.

पाउल बॉयमर आपल्या खोलीत बसलाय. समोर पुस्तकांचं कपाट. ही पुस्तकं त्याने शिकवण्या करून मिळवलेल्या पैशांतून एकेक करत घेतलेली, बरीचशी सेकंडहँड, क्लासिक्स, नंतर नवे लेखक. हा मुलगा युद्धाआधी कविता करायचा, नाटक लिहायला घेतलं होतं. आता तो त्या पुस्तकांच्या पाठींकडे बघत वाट बघतोय, की पूर्वी पुस्तक हातात घेतल्यावर आत जे काही पेटायचं ते पुन्हा पेटेल. अक्षरशः विनवणी करतो मनातल्या मनात. एक पुस्तक काढतो, पानं उलटतो, दुसरं काढतो, शेजारी ढीग होतो, वर्तमानपत्रं, मासिकं, पत्रं, सगळं चाळून होतं. आणि काहीच होत नाही. शब्द आहेत, पण ते त्याच्यापर्यंत पोचत नाहीत. तो सगळी पुस्तकं परत जागच्या जागी लावतो आणि खोलीबाहेर पडतो.

मी हा प्रसंग तरुणपणी वाचला तेव्हा पटकन पुढे गेलो होतो, वय वाढल्यावर परत वाचला तेव्हा पोटात गोळा आला. मरणापेक्षा भयंकर वाटलं ते. लिझेलला पुस्तकांनी आत घेतलं, पाउलला बाहेर ठेवलं. आणि दोघांमध्ये फरक काय, तर लिझेल अजून कोणाला मारून आलेली नाही. मला वाटतं रेमार्क तेच सांगतोय, की शब्दांची ताकद शब्दांत एकट्याने नसतेच, घेणाऱ्याच्या आत काहीतरी शाबूत लागतं आणि युद्ध पहिला घाव तिथेच घालतं.

शाईचेठसे:

जुना_वाचक, क्या बात है. हा प्रसंग मी मुद्दाम मूळ पोस्टमध्ये घेतला नव्हता कारण त्याच्यावर वेगळं बोलायचं होतं, तुम्ही माझ्यापेक्षा नेमकं मांडलंत. फक्त एक भर घालतो. पाउल स्वतःच ही सगळी कथा सांगतोय, 'मी' म्हणून, आणि अतिशय नेमक्या शब्दांत. पुस्तकं त्याच्यापर्यंत पोचत नाहीत हे तो शब्दांतच सांगतो आणि ते आपल्यापर्यंत पोचतं. आणि अगदी शेवटी, जेमतेम दोन परिच्छेद, निवेदक बदलतो. ऑक्टोबर १९१८, तो मरतो त्या दिवशी आघाडी इतकी शांत की लष्करी अहवालात एकच वाक्य, पश्चिम आघाडीवर नवीन काही नाही. म्हणजे शेवटचा शब्द सरकारी कागदाचा, आणि त्या कागदाच्या लेखी पाउल मेलेलाच नाही. शब्द माणूस पुसूनही टाकतात, आणि आवाज न चढवता.

पानगळ, 'मिखाएल'चा मुद्दा जबरदस्त आहे. पण माझं म्हणणं तेच तर आहे, वाचणारा म्हणजे चांगला असं चांगल्या कादंबऱ्या म्हणतच नाहीत. लिझेल स्वतः एका टप्प्यावर महापौरांच्या बायकोच्या लायब्ररीत पुस्तक टराटरा फाडते, शब्दांवरच्या रागाने, की हे नसते तर हे काहीच झालं नसतं.

रानवाटा:

मुलांच्या पुस्तकांबद्दल बोलताय तर एक अत्यंत घाणेरडं पुस्तकही ह्या यादीत यायला हवं. 'डेर गिफ्टपिल्झ', विषारी भूछत्र, १९३८. छापणारा नाझी प्रचारक युलियुस श्ट्राइखर. मुलांसाठी रंगीत चित्रं असलेलं पुस्तक. पहिली गोष्ट अशी, की आई आणि छोटा मुलगा जंगलात भूछत्रं गोळा करायला गेलेत, आई समजावतेय की काही चांगली असतात, काही विषारी, ओळखायला शिकायचं असतं, आणि माणसांतही तसंच असतं, आणि मग ती ज्यूंचं नाव घेते. आई, मूल, जंगल, टोपली. जगातल्या कुठल्याही मुलाला झोपताना सांगावी अशी मांडणी. मला ते वाचताना सगळ्यात जास्त त्रास ह्याचा झाला की ती आई प्रेमाने बोलतेय. श्ट्राइखरला न्यूरेम्बर्गच्या खटल्यात फाशी झाली १९४६ ला. त्याने स्वतः कोणाला मारलं म्हणून नाही, जे छापलं आणि बोलला त्यासाठी.

त्याच काळात शाळेच्या गणिताच्या पुस्तकांतही अशी उदाहरणं होती की एका मनोरुग्णाला सांभाळायला रोज इतका खर्च येतो तर तेवढ्यात किती कुटुंबांना घरं मिळतील, काढा. मूल बिचारं गुणाकार भागाकार शिकतंय आणि उत्तर बरोबर आलं की त्याला शाबासकी मिळतेय.

म्हणून मला ह्या कादंबऱ्यांत 'पुस्तक' म्हटलं की कुठलं पुस्तक हा प्रश्न पहिल्यांदा पडतो. लिझेलच्या वर्गातल्या प्रत्येक मुलाच्या हातात पुस्तक होतंच की.

साळुंकी:

वाचतेय. रानवाटा, अंगावर काटा आला.

आभाळवेडी:

रानवाटा, तुमच्यामुळे एरिक केस्टनर आठवला. मुलांचा लाडका लेखक, त्याची पुस्तकं १९३३ च्या त्या होळीत टाकली गेली आणि तो स्वतः गर्दीत उभा राहून बघत होता, कोणीतरी त्याला ओळखून त्याचं नावही घेतलं. आणि मुलांसाठीचं 'एमिल' तेवढं त्यांनी वगळलं होतं, ते एवढं लोकप्रिय होतं की हात लावायची हिंमत झाली नाही. म्हणजे ज्या पिढीच्या घराघरात एमिल होता त्याच पिढीतली कित्येक मुलं पुढे गणवेश घालून गेली. पानगळ म्हणतात तेच आलं परत, पण मला त्याने एमिल कमी आवडत नाही.

दीपस्तंभ:

पुस्तकांबरोबर रेडिओही घ्या ह्या चर्चेत. 'ऑल द लाईट वी कॅनॉट सी' (अँथनी डोअर, २०१४, पुलित्झर २०१५) मध्ये दोन मुलं आहेत, आंधळी फ्रेंच मुलगी मारी-लॉर आणि जर्मन अनाथाश्रमातला वेर्नर, आणि दोघांना जोडतो तो आवाज. वेर्नर भंगारातला रेडिओ दुरुस्त करतो आणि रात्री तो आणि बहीण युटा लपून एका फ्रेंच माणसाचे मुलांसाठीचे विज्ञानाचे कार्यक्रम ऐकतात, प्रकाश म्हणजे काय, मेंदू अंधारात राहून प्रकाश कसा बघतो असलं काहीतरी. त्याच रेडिओवर दिवसा द्वेषाची भाषणं. युद्ध सुरू झालं तेव्हा जर्मनीत परदेशी स्टेशन ऐकणं हा गुन्हाच झाला होता, जबर शिक्षा होती. पुढे वेर्नर तो रेडिओ स्वतःच्या हाताने फोडतो आणि बहीण त्याला त्याबद्दल माफ करत नाही. तिथे तो मोठा झाला असं मी म्हणेन, वाईट अर्थाने.

आणि शेवटाकडे, ऑगस्ट १९४४, सेंट मालो शहर बॉम्बिंगने भाजून निघतंय, मारी-लॉर माळ्यावर ज्यूल व्हर्नचं ब्रेल पुस्तक बोटांनी वाचतेय आणि ट्रान्समीटरवर मोठ्याने ऐकवतेय, कोणी ऐकतंय की नाही माहीत नाही, आणि वेर्नर एका हॉटेलच्या तळघरात ढिगाऱ्याखाली अडकून हेडफोनवर तेच ऐकतोय. कादंबरी मला मधूनमधून जरा जास्तच नटवलेली वाटते, वाक्यं सुंदर करायचा सोस आहे, पण हे दोन धागे जुळतात ते मात्र अफाट.

उंबरठा:

सगळे जर्मनी फ्रान्स करतायत म्हणून मी एक वेगळं पुस्तक आणतो. आगोटा क्रिस्तोफचं 'द नोटबुक', १९८६. ही बाई हंगेरीची, १९५६ मध्ये तिथून पळून स्वित्झर्लंडला आली, फ्रेंच तिथे शिकली आणि त्या शिकलेल्या भाषेत हे लिहिलं. कादंबरीत देशाचं नाव नाही, युद्धाचं नाव नाही, जुळ्या भावांना नावं नाहीत. आई त्यांना सीमेजवळच्या गावात आजीकडे सोडून जाते, आणि आजी महाखाष्ट.

ही पोरं स्वतःची शाळा स्वतः चालवतात. बापाचा शब्दकोश आणि आजीच्या घरात सापडलेलं बायबल एवढंच साहित्य. एकमेकांना निबंधाचा विषय देतात, दोन तासांत दोन कागद लिहायचे, मग एकमेकांचे तपासायचे. नियम एकच, जे आहे ते लिहायचं. 'आजी चेटकिणीसारखी आहे' लिहायचं नाही, 'लोक आजीला चेटकीण म्हणतात' लिहायचं. 'गाव सुंदर आहे' नाही, कारण आपल्याला सुंदर वाटेल, दुसऱ्याला वाटणार नाही. 'आम्हाला अक्रोड आवडतात' सुद्धा नाही, 'आम्ही खूप अक्रोड खातो'. आवडणं हा शब्द भरवशाचा नाही म्हणे. निबंध पास झाला तर वहीत उतरवायचा, नाहीतर आगीत.

आणि ह्याहून भयानक म्हणजे मन घट्ट करायचा सराव. गावातले लोक शिव्या देतात, तर दोघं समोरासमोर बसून त्याच शिव्या एकमेकांना देत राहतात, लागेनाशा होईपर्यंत. इथपर्यंत ठीक आहे. मग त्यांच्या लक्षात येतं की आईचे जुने शब्द आठवले तरी दुखतं, माझी सोनुली, माझी लाडकी, असले. मग ते तेही शब्द म्हणत राहतात, परत परत, त्यातलं सगळं गळून जाईपर्यंत.

मला युद्धावरच्या कुठल्याही कादंबरीत ह्याच्यापेक्षा भेसूर पान आठवत नाही, आणि त्यात एकही बॉम्ब नाही. शब्दांना किती ताकद आहे हे ह्या पोरांना लिझेलपेक्षा जास्त कळलंय. म्हणूनच ती ताकद काढून टाकायला बसलीयत.

पानगळ:

उंबरठा, हे मी वाचलेलं नाही आणि आता वाचल्याशिवाय राहवणार नाही. हेच हवं होतं मला, वाचनाचं देव्हाऱ्यात बसवलेलं रूप नसलेलं काहीतरी.

साळुंकी:

उंबरठा ह्यांच्या त्या निबंधाच्या नियमावरून मला तान्या साविचेवाची डायरी आठवली, ती कादंबरी नाही, खरी आहे. लेनिनग्राडचा वेढा, ही मुलगी अकरा-बारा वर्षांची. मोठ्या बहिणीची एक छोटी वही होती, पत्ते लिहायला असते तशी, अक्षरांप्रमाणे पानं असलेली. तान्या घरातलं माणूस गेलं की त्याच्या नावाच्या अक्षराच्या पानावर लिहायची. बहीण झेन्या कधी गेली, २८ डिसेंबर १९४१, किती वाजता. मग आजी, भाऊ, दोन काका, शेवटी आई, १३ मे १९४२. आणि मग साविचेव सगळे मेले, एकटी तान्या उरली. बस. एकही विशेषण नाही, कुठे रडू नाही, भूक हा शब्दसुद्धा नाही. तान्याला पुढे शहराबाहेर काढलं पण ती १९४४ मध्ये आजारपणातच गेली.

मी कुठेतरी त्या पानांचे फोटो पाहिले, पोरीचं मोठं मोठं अक्षर, एका पानात चार-पाच शब्द. एवढ्या लहान मुलीला कोणी शिकवलं असेल की जे आहे तेवढंच लिहायचं? नाव, तारीख, वेळ. आणि अक्षराप्रमाणे बरोब्बर पान. मला त्या नीटनेटकेपणाचं फार वाटतं. सगळं कोसळत असताना ती नोंद जागच्या जागी ठेवतेय.

कंदील:

साळुंकी, दंडवत. ह्यावर काही बोलायचं धाडस होत नाही.

जुना_वाचक:

डायऱ्यांचा विषय निघालाय तर अ‍ॅन फ्रँकबद्दल एक गोष्ट लोकांच्या नजरेतून सुटते असं मला नेहमी वाटतं. आपण तिला डायरी लिहिणारी निरागस मुलगी म्हणून बघतो. पण २८ मार्च १९४४ ला लंडनहून होणाऱ्या डच रेडिओवर मंत्री बोल्केस्टाइन ह्यांचं भाषण झालं, की युद्धानंतर लोकांची पत्रं, डायऱ्या गोळा करायला हव्यात. अ‍ॅनने ते ऐकलं आणि तिच्या डोक्यात पुस्तकाची कल्पना आली. मे महिन्यात तिने सगळी डायरी नव्याने लिहायला घेतली, सुट्या कागदांवर. काही भाग गाळले, काही जोडले, माणसांसाठी टोपणनावं ठरवली, तेराव्या वर्षी लिहिलेलं पंधराव्या वर्षी वाचून सुधारलं. दोनशेच्या वर कागद, तीन महिन्यांच्या आत. ४ ऑगस्टला पकडलं गेलं तेव्हा ते काम अर्धवट राहिलं. शिवाय गोष्टी लिहिल्या होत्या, एक कादंबरी सुरू केली होती, 'कॅडीचं आयुष्य', तीही अपुरी.

म्हणजे ती लेखिका होती, संपादन करणारी, स्वतःच्या आधीच्या वाक्यांवर नाखूश असणारी. वयात येणं म्हणजे काय ते मला तिथे दिसतं, स्वतःचं जुनं लिखाण परक्यासारखं वाचता येणं. निरागस निरागस म्हणून आपण तिच्या मेहनतीवर पाणी टाकतो. लपलेल्या फ्रँक कुटुंबाला मदत करणाऱ्या मीप खीस ह्यांनी ते कागद न वाचता जपले म्हणून १९४७ ला ते पुस्तक होऊ शकलं.

शाईचेठसे:

जुना_वाचक, सहमत, हजारदा सहमत. आणि अशी ती एकटी नव्हती. टेरेझिनच्या नाझी छावणीत तेरा ते पंधरा वर्षांच्या मुलांनी १९४२ ते ४४ 'वेदेम' नावाचं साप्ताहिक चालवलं, एकच प्रत, दर शुक्रवारी बराकीत सगळ्यांसमोर वाचायची. टाइपरायटरची शाई संपली तर हाताने लिहिलं. संपादक पेटर गिंझ, तो सोळाव्या वर्षी ऑश्विट्झला मारला गेला. तिथल्या बहुतेक मुलांचं तेच झालं, एका मुलाने ती आठशेच्या आसपास पानं लपवून ठेवली म्हणून ती आज आहेत. त्यात कविता आहेत, छावणीच्या बेकरीला, दवाखान्याला भेट देऊन लिहिलेले रिपोर्ट आहेत, एकमेकांच्या लिखाणावर टीका आहे. पोरं एकमेकांना सांगतायत की तुझा लेख कंटाळवाणा झालाय. मला ह्यात जे दिसतं ते धीर, आशा वगैरे मोठ्या शब्दांत बसत नाही, ती मुलं काम करत होती, शुक्रवारपर्यंत अंक तयार व्हायला हवा म्हणून.

पानगळ:

हे वाचून माझा सूर थोडा खाली आणतो, पण मुद्दा सोडत नाही. ऑश्विट्झवरच्या ज्या कादंबऱ्यांची आता रांग लागलीय त्यांच्याबद्दल काय? 'द लायब्ररियन ऑफ ऑश्विट्झ' (अंतोनिओ इतुर्बे, २०१२) डिटा क्राउस ह्यांच्या खऱ्या आयुष्यावर आहे, चौदा वर्षांची मुलगी, मुलांच्या बराकीतली मोजकी पुस्तकं सांभाळणारी. घटना थक्क करणारी आहे, पण कादंबरीत ती साहसकथा होते, प्रत्येक प्रकरणाला श्वास रोखायला लावायचा. खऱ्या नरकाला असा मसाला लागतो का?

दीपस्तंभ:

पानगळ, काही अंशी मान्य. पण त्या पुस्तकातली एक गोष्ट मला कुठल्याही मसाल्याच्या पलीकडची वाटते, आणि ती खरीच होती. पुस्तकं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी, म्हणून काही मोठी माणसं स्वतःच पुस्तक झाली. ज्याला जी गोष्ट नीट आठवते त्याने ती मुलांच्या गटाला सांगायची, मग पुढच्या गटाकडे जायचं. फ्रेडी हिर्श नावाच्या तरुणाने ही मुलांची बराक उभी केली होती, मार्च १९४४ मध्ये तो गेला. रात्री कोणती मुलं उरतील माहीत नसताना सकाळी बसून गोष्ट सांगायची, आणि तीही मध्येच न थांबता नीट शेवटापर्यंत. कादंबरी जेमतेम असेल, पण मला हे तिच्यामुळे कळलं, त्याबद्दल मी तिचा ऋणी आहे.

रानवाटा:

मी जुना_वाचक ह्यांच्या पाउलच्या मुद्द्याकडे परत येते, की मारून आलेल्याच्या आत पुस्तक पोचत नाही. एक उलटं उदाहरण आहे. अमेरिकेने १९४३ ते ४७ ह्या काळात सैनिकांसाठी खिशात मावतील अशी पेपरबॅक छापली, तेराशेच्या वर पुस्तकं, प्रती बारा कोटींच्या घरात, सगळी फुकट वाटली. त्यात खूप गाजलेलं एक म्हणजे बेटी स्मिथचं 'अ ट्री ग्रोज इन ब्रुकलिन'. युद्धाची गोष्टच नाही ती, गरीब घरातली फ्रान्सी लायब्ररीतली पुस्तकं अक्षराच्या क्रमाने वाचत सुटलीय आणि मोठी होतेय. आणि ते वाचून आघाडीवरच्या, हॉस्पिटलातल्या पोरांनी लेखिकेला ढिगाने पत्रं लिहिली. एका वीस वर्षांच्या मरीन सैनिकाचं पत्र प्रसिद्ध आहे, युद्धात गेल्यापासून आतून मेल्यासारखं झालं होतं, हे पुस्तक वाचलं आणि परत काहीतरी जिवंत झालं, असा त्याचा मतलब.

म्हणजे पाउलला जे हवं होतं ते ह्या मुलाला मिळालं. का? मला वाटतं पाउल आपली जुनी पुस्तकं उघडतो, त्यात तो स्वतःला, आधीच्या स्वतःला शोधतोय आणि तो सापडत नाही. ह्या मरीनला दुसरंच कोणीतरी सापडलं, एक अनोळखी मुलगी.

जुना_वाचक:

रानवाटा, हे मला सुचलं नव्हतं. पटलंय. पाउल पुस्तकाकडे काही मागायला गेला होता, आणि हा मुलगा फक्त वाचायला बसला होता, हाही फरक असेल.

आभाळवेडी:

एक प्रॅक्टिकल प्रश्न, घरात तेरा वर्षांची भाची आहे, वाचायची प्रचंड आवड. ह्यातलं काय द्यावं आणि काय थांबवावं? बुक थीफ दिलं तर मृत्यू निवेदक असल्याने घाबरेल का?

उंबरठा:

बुक थीफ बिनधास्त द्या, त्यातला मृत्यू थकलेला आणि कनवाळू आहे, आणि कोण मरणार ते तो आधीच सांगून टाकतो त्यामुळे मुलांना धक्का बसत नाही, वाचणारं मूल तयारीत राहतं. नोटबुक मात्र अजिबात देऊ नका, मोठी होईपर्यंत नाहीच, त्यात लैंगिक हिंसा आहे आणि ती तशाच कोरड्या आवाजात येते.

शाईचेठसे:

+१. अ‍ॅन फ्रँक ह्याच वयात द्या, पण जोडीला तिने डायरी परत कशी लिहिली तेही सांगा, म्हणजे लिहिणाऱ्या मुलीला त्यातून काहीतरी करावंसं वाटेल. रेमार्क पंधरा-सोळाला, कांटोरेक मास्तराची भाषणं ओळखू येतील त्या वयात, फार उशीर करू नका. आणि तिने वाचलं की तिला काय खटकलं ते इथे लिहा, आपल्यापेक्षा वेगळं काहीतरी दिसेल तिला.

पानगळ:

नोटबुक मागवलं. त्याचे पुढचे दोन भागही आहेत असं दिसतंय, उंबरठा, ते लगेच वाचायचे की आधी पहिल्यावर थांबायचं?

उंबरठा:

पहिल्यावर थांबा. दुसऱ्या भागात तुम्ही पहिल्यात जे खरं धरून चाललात त्याच्याबद्दलच शंका यायला लागते, त्यामुळे आधी त्या दोन पोरांवर पूर्ण विश्वास ठेवून वाचा, मग पुढे बोलू.